फळझाडं लावायची परवानगी : 14 महिने आणि एक वाया गेलेला पावसाळा

आमच्या कॉलनीमागे 6 गुंठ्यांची ओपन स्पेस आहे, महापालिकेच्या ताब्यातली. तिथे आता शेवगा, पपई, केळी, लिंबू, सीताफळ, कढीपत्ता, खाली हळद आणि अळू असं दाटीवाटीने उभं आहे, बघायला या कधीही. पण परवानगीचं आठवलं की अजून डोकं तापतं, म्हणून लिहून टाकतेय, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

कल्पना साधी होती. मला कोकणातली वाडी माहितीये, माहेर तिकडचं. वर नारळ, फणस, मधे केळी-पोफळी, त्यावर मिरीचा वेल, खाली हळद, आलं, सुरण. गोव्यात कुळागर म्हणतात तेही तसंच. एकाच्या सावलीत दुसरं वाढतं आणि गळालेला पाला तिथेच कुजून खत होतं. तेच शहरात करायचं, फक्त इथलं पाणी आणि माती बघून झाडं निवडायची. आम्ही नऊ घरं तयार होतो, फेब्रुवारीत अर्ज दिला, म्हटलं जूनपर्यंत होईल.

उद्यान विभाग म्हणाला जागा मालमत्ता विभागाची आहे, त्यांची एनओसी आणा. मालमत्तावाले म्हणाले झाडांचा विषय आमचा नाहीच, उद्यानकडे जा. दोन्ही टेबलं एकाच इमारतीत, मधे एक जिना, आणि त्या जिन्यावरून मी किती वेळा गेले याचा हिशोब नाही. साहेब राउंडला गेलेत, साहेब मीटिंगमध्ये आहेत, फाईल वर गेलीये, फाईल खाली आलीये. मे महिन्यात एकदाचे साहेब भेटले तर म्हणाले, मॅडम शोभेची झाडं लावा ना, फळझाडं नको, पोरं चढतात, पडतात, फळांवरून भांडणं होतात. मी म्हटलं असा नियम आहे का, असेल तर लेखी द्या. लेखी कशाला, तोंडी सांगतोय ना, म्हणाले.

इथेच माझं चुकलं. तोंडी नकार ऐकून मी परत फिरले आणि पुन्हा विनंत्या करत बसले. तोंडी नाही म्हणजे नाही नव्हेच, त्यावर अपील करता येत नाही की काही नाही. आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का, नंबर आणि तारीख घेतल्याशिवाय ऑफिसातून बाहेर पडू नका, माझा पहिला अर्ज सापडतच नव्हता, शिक्क्याची प्रत होती म्हणून वाचले.

तोवर पाऊस सुरू होऊन संपलासुद्धा. आम्ही रोपं आधीच करून ठेवली होती, पार्किंगच्या कडेला पिशव्यांमध्ये. दिवाळीत एक शेवग्याची पिशवी उचलायला गेले तर उचलेना, मुळं खालून पिशवी फाडून फरशीच्या फटीत शिरली होती. ओढल्यावर कट्कन तुटली. तो आवाज ऐकून मला खरंच रडू आलं, एक अख्खा पावसाळा गेला आमचा.

त्याच आठवड्यात माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. एका अर्जात एकच विषय घ्या आणि 150 शब्दांच्या आत लिहा, पाल्हाळ लावलं तर त्यावरून परत पाठवतात. मी दोनच गोष्टी मागितल्या : माझ्या अमुक नंबरच्या अर्जावर कोणत्या तारखेला काय कार्यवाही झाली, आणि फळझाडांना मनाई करणाऱ्या नियमाची प्रत. मुदत 30 दिवसांची असते, सत्ताविसाव्या दिवशी पत्र आलं की असा नियम अभिलेखात उपलब्ध नाही. एका ओळीचं पत्र! ते घेऊन गेले आणि मग दोन्ही विभागांची संयुक्त पाहणी झाली, एप्रिलमध्ये परवानगी हातात.

त्या जागेत सुबाभळी होत्या, त्या मात्र मनाने तोडू नका. महाराष्ट्रात शहरातलं झाड तोडायला 1975 च्या झाडं जपण्याच्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, सुबाभूळ असली तरी. आम्ही तशाच ठेवल्या, सावली झाली.

पुढचं भराभर झालं. उन्हाळ्यात खड्डे, राडारोडा बाहेर, पहिल्या पावसात लागवड. पालापाचोळा जाळायचा नाही, बुंध्याभोवती वीतभर जाड पसरायचा, पाणी खूप कमी लागतं. शेवगा आणि पपई वर्षाच्या आत देतात म्हणून आधी तीच लावा, लोकांना काहीतरी मिळालं की लोक पाणी घालायला येतात. मागच्या वस्तीतल्या ताई शेवग्याचा पाला नेतात आणि जाताना झाडांना पाण्यासाठी आळी करून जातात, आम्ही कुणीच सांगितलं नव्हतं. साहेबांना वाटलेलं भांडण दोन वर्षांत एकदाही झालं नाही. कुंपणाच्या वाटेला आम्ही दारच लावलं नाही.

एक राहिलं, शेवगा मुलांच्या खेळायच्या जागेपासून लांब लावा. पावसाळ्यात खोडावर केसाळ सुरवंटांचे झुबके बसतात, अंगाला लागले की आग होते नुसती.