यकृतातली ती गाठ कोणाची?

मेंढीच्या पोटातल्या चरबीच्या पडद्याला लोंबणारी पाण्याची पिशवी ओळखणं सोपं असतं. पातळ पारदर्शक भिंत, आत नितळ पाणी आणि एकच पांढरा ठिपका, म्हणजे आत वळलेलं डोकं आणि लांब मान. ती टीनिया हायडॅटिजेना या फीतकृमीची अळी. खरी पंचाईत यकृतात होते. तिथे हीच अळी कधी जाड भिंतीची, चुना साठलेली बारीक गाठ होऊन बसते आणि थेट हायडॅटिडसारखी, म्हणजे इकिनोकॉकस ग्रॅन्युलोसस या दुसऱ्या फीतकृमीच्या अळीच्या गाठीसारखी दिसते. दोन्ही फीतकृमी कुत्र्याच्या आतड्यात वाढतात. पण कुत्र्याच्या विष्ठेतली अंडी पोटात गेली तर हायडॅटिड माणसालाही होतो. म्हणून नोंदवहीत ‘बहुधा हायडॅटिड’ असं लिहून पुढे जायला माझं मन घेईना.

प्रबंधासाठी गोळा केलेले पहिले नमुने मी सवयीने फॉर्मॅलिनमध्ये टाकले होते. सूक्ष्मदर्शकाखाली बघायला ते उत्तम, पण फॉर्मॅलिनमुळे डीएनए प्रथिनांशी जखडला जातो आणि तुटतो. त्यातून काहीच हाती आलं नाही, आणि त्या मेंढ्या काही परत मिळणार नव्हत्या. याचं फार वाईट वाटलं. पुढचे सगळे नमुने ७० टक्के इथेनॉलमध्ये ठेवले.

गाठीतला नेमका कुठला भाग घ्यायचा, हे मात्र हळूहळूच कळलं. हायडॅटिडच्या भिंतीत आतला नाजूक थर कृमीचा जिवंत भाग असतो. बाहेरचं जाड वेष्टण मेंढीच्या शरीराने तयार केलेलं. घाईत बाहेरचा तुकडा कापला की नळीत मेंढीचाच डीएनए जास्त येतो. आतला थर खरवडून, इथेनॉल निघेपर्यंत धुऊन, प्रथिनं तोडणारं प्रोटिनेज के घालून ५६ अंशांवर रात्रभर ठेवला. तरी यकृतातल्या काही नमुन्यांचा पीसीआर (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढणं) कोराच आला. डीएनए दहापट पातळ करून पुन्हा लावला, तेव्हा जेलवर, म्हणजे डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या थरावर, पट्टी उमटली. म्हणजे डीएनए होता, सोबत आलेलं काहीतरी पीसीआर अडवत होतं.

मायटोकॉन्ड्रियातल्या कॉक्स-१ जनुकाचा सुमारे ४५० बेस पेअरचा तुकडा मी वाढवत होते. जेलवर सगळ्या पट्ट्या एका रेषेत दिसल्या आणि क्षणभर वाटलं, चला, सगळे हायडॅटिड! पण हे प्रायमर, म्हणजे कुठला तुकडा वाढवायचा ते ठरवणारे डीएनएचे छोटे धागे, टीनियालाही चालतात आणि पट्टी तेवढ्याच लांबीची येते. नुसत्या जेलवरून निकाल देणं धोक्याचं आहे, हे या कामात नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी कळकळीने सांगते. सिक्वेन्सिंग, म्हणजे डीएनएतली अक्षरं क्रमाने वाचणं, करावंच लागतं.

सिक्वेन्स आले, जेनबँक या डीएनए क्रमांच्या सार्वजनिक संग्रहातल्या नोंदींशी ताडून पाहिले. फुप्फुसातल्या मोठ्या गाठी इकिनोकॉकस ग्रॅन्युलोससच्याच निघाल्या. त्याचा जनुकीय प्रकार जी-१ की जी-३, हे एवढ्या छोट्या तुकड्यावरून खात्रीने सांगता येत नाही, म्हणून मी तिथेच थांबले. आणि यकृतातली ती चुनेदार गाठ, जिला आम्ही सगळेच हायडॅटिड म्हणत होतो, ती टीनिया हायडॅटिजेना होती. निकालाचा कागद हातात धरून मी बराच वेळ तशीच उभी होते.

नोंदवहीतला ‘बहुधा’ खोडून खरं नाव लिहिलं. एका गाठीचा मात्र पूर्ण चुना झाला होता, तिच्यातून डीएनए निघालाच नाही. तिच्यापुढे ‘ओळख पटली नाही’ असं लिहिलं.