बास्करव्हिलचा कुत्रा आणि बुटाची भानगड

भाच्यानं आणि त्याच्या दोस्तांनी सुट्टीत कॉनन डॉयलची शेरलॉक होम्सवरची कादंबरी 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' वाचून काढली आणि आता रंकाळ्यावर भेळ खायला गेलं तरी ह्यांचे प्रश्न चालूच, म्हटलं एकदा लिहूनच टाकू. ज्यांनी वाचलं नाही त्यांनी इथंच थांबा, पुढं खुनी कोण ते पण आहे.

होम्स तर धबधब्यात पडून मेलेला ना? व्हय, १८९३ मध्ये डॉयलनं त्याला मारलेला. पण ही कादंबरी १९०१ च्या ऑगस्टपासून स्ट्रँड मासिकात क्रमशः आली आणि गोष्ट त्या मरणाच्या आधीची दाखवली, मग जिवंत करायचा प्रश्नच नाही.

खरा भारी प्रश्न बुटाचा. बास्करव्हिल घराण्यामागं भुताचा कुत्रा लागलाय अशी दंतकथा, आणि सर हेन्री त्या घराण्याचा वारस. लंडनच्या हॉटेलात त्याचा आधी एक नवाकोरा तपकिरी बूट जातो, मग जुना काळा जातो आणि नवा खोलीतच कपाटाखाली सापडतो. भाचा म्हणतो, चोर येडा हाय काय, एक बूट घेऊन करणार काय? अरे, कुत्र्याला वास द्यायला! नवा बूट पायात गेलेलाच नाही, चप्पल लाईनीतनं आणलेल्या नव्या जोडीला नुसता चामड्याचा वास मारतो तसंच ते, माणसाचा वास कुठला असणार त्याला. आणि होम्सला इथंच कळतं की भूतबित काय नाही, भुताला बूट हुंगायची गरज काय, म्हणजे कुत्रा हाडामासाचा आहे. पुढं तो फरारी कैदी सेल्डन मरतो तो पण ह्याच वासापायी, अंगात सर हेन्रीचे जुने कपडे होते बिचाऱ्याच्या. एवढ्याशा बुटावर अख्खी कादंबरी उभी केलीय राव.

कुत्रा चमकतो ते फॉस्फरसमुळं, ते ठीक आहे, जास्त खोलात जाऊ नका.

पण एका पोरानं बरोबर नेम धरला. खुनी स्टेपलटन, म्हणजे कुत्र्याचा मालक, खरा बास्करव्हिलच, सर हेन्री गेला की इस्टेट ह्यालाच मिळणार, पण शेजारीच खोट्या नावानं राहिलेला माणूस एकदम वारस म्हणून पुढं आला तर लोक गप बसतील काय? होम्सचा दोस्त वॉटसन पण हेच विचारतो. होम्स आधी म्हणतो माणूस पुढं काय करेल ते सांगणं अवघड, मग तीन शक्यता सांगतो, परदेशातनं हक्क सांगणं, वेष बदलून येणं, नाहीतर दुसऱ्यालाच वारस म्हणून उभं करणं. मला एकपण पटत नाही. डॉयलला पण पटली नसणार, कारण एवढं बोलून होम्स लगेच वॉटसनला घेऊन ऑपेराला निघतो, वाटेत जेवण.