वर वळलेली चोच

शनिवारी रात्री आमच्या पक्षी बघणाऱ्यांच्या ग्रुपवर मेसेज आला, 'मोरजी तेंबवाडा, टेरेक सँडपायपर एक, छोट्या प्लोव्हरांच्या थव्यात, उद्या भरती साडेनवाला' आणि मला झोपच लागेना. गोव्यात शापोरा नदीच्या मुखाशी मी सहा हिवाळे जातेय पण टेरेक, हिवाळ्यात किनाऱ्यावर येणारा हा छोटा पक्षी, एकदाही दिसला नव्हता.

शिवोलीचा पूल ओलांडून आठला पोचले तर मेसेजवाला मित्र आधीच वाळूत बसलेला. म्हणाला, "उभी राहू नको गो, खाली बस, तेच येतील जवळ." आणि आले की खरंच! ओहोटीला हे पक्षी चिखलभर पांगलेले असतात, भरती चढली की खायची जागाच पाण्याखाली जाते, मग सगळे उरलेल्या कोरड्या वाळूवर दाटीवाटीनं येऊन बसतात. म्हणून मला वाटतं जागेइतकीच भरतीची वेळ लिहायला हवी, नुसतं 'मोरजीला दिसला' वाचून माणूस भर ओहोटीला जातो आणि दोन तास उन्हात फिरून परत येतो.

टेरेक पन्नासेक पावलांवर होता. बाकीचे एका पायावर डोळे मिटून, हा मात्र पाठ वाकवून नुसता धावतोय, आखूड पिवळे-नारिंगी पाय, आणि ती लांब चोच वर वळलेली, हो, वर, कर्ल्यू पक्ष्याची खाली वळते त्याच्या अगदी उलट. त्यानं बारकी कुर्ली पकडली, पाण्याच्या कडेला नेली, धुतली आणि मग गिळली. धुवून खातो हे वाचलं होतं, डोळ्यांनी बघताना मात्र मी मित्राचा हात घट्ट धरला.

तेवढ्यात एकजण मोठी लेन्स घेऊन सरळ थव्यात चालत गेला. सगळे उडाले, टेरेकच्या पंखांची पांढरी कड चमकली आणि ते पार पलीकडे गेले. फार वाईट वाटलं. रशिया-सैबेरियातून आलेला पक्षी हा, मार्च-एप्रिलात परत जायचं तर अंगावर चरबी साठवायला लागते, आणि भरतीच्या वेळची विश्रांती अशी मोडली की साठवलेलं उडण्यातच जातं.

आम्ही बसून राहिलो. वीसेक मिनिटांनी प्लोव्हर परतले, टेरेक नाही आला. घरी येऊन ईबर्ड या पक्षीनोंदींच्या साइटवर लिस्ट टाकली, ग्रुपवर लिहिलं: टेरेक एक, भरतीच्या दीड तास आधी, पन्नास पावलांवरून, बसून.