डेव्हिल्स लेक: जायचंच तर रात्री राहायला जा

शिकागोच्या मराठी लोकांना विस्कॉन्सिनमधला डेव्हिल्स लेक नवा नाही, उन्हाळ्यात कुठल्याही शनिवारी नॉर्थ शोअरच्या हिरवळीवर एक तरी "अरे बॉल पाण्यात गेला बघ" ऐकू येतंच. पण बहुतेक जण सकाळी निघतात, दहा-अकराला पोचतात, पार्किंगसाठी गोल गोल फिरतात, दुपारी पुलाव खाऊन संध्याकाळी परत, आणि मग म्हणतात छान आहे पण फार गर्दी बुवा. गर्दी आहेच, वर्षाला पंचवीस-तीस लाखांच्या घरात लोक येतात तिथे. म्हणूनच म्हणतो, टेंट घ्या आणि राहायला जा, कारण ती गर्दी संध्याकाळी घरी जाते आणि खरा पार्क त्यानंतर सुरू होतो.

यंदा आई-बाबा साताऱ्याहून आले होते, त्यांना ऑगस्टच्या शेवटी घेऊन गेलो. आईचा पहिला प्रश्न, "एवढं घर सोडून तंबूत कशाला झोपायचं?" बाबा मात्र तयारच होते. शिकागोजवळच्या शांबर्गहून नाइंटी हायवे धरून रॉकफर्ड, मॅडिसन, पुढे पार्कशेजारचं बाराबू गाव, साधारण अडीच तास, मॅडिसनपर्यंत रस्ता सपाट आणि बोअर, दोन्ही बाजूला नुसता मका, आणि मग शेवटी एकदम डोंगर येतात तेव्हा जरा बरं वाटतं.

तळं तसं फार मोठं नाही, 360 एकर, पण बसलंय कुठे ते बघा. पूर्वेला आणि पश्चिमेला 500 फुटांचे कडे आणि दोन्ही टोकं बंद. पूर्वी या खिंडीतून नदी वाहायची, मग हिमयुगात बर्फाची भिंत इथपर्यंत सरकत आली आणि वितळताना दगडमाती दोन्ही तोंडांशी टाकून गेली, नदी दुसरीकडे वळली आणि मधे पाणी अडकलं ते हे तळं. स्टेट पार्क 1911 चं, पण त्याच्याही आधी, 1873 मध्ये इथे रेल्वे आली तेव्हापासून लोक हवा खायला येतायत, तेव्हा काठावर हॉटेलं होती म्हणे. आता ती नाहीत, रूळ मात्र आहे, पूर्वेच्या काठाला अगदी चिकटून.

टेंट लावायचं काम आमच्या कन्येने आणि आजोबांनी अंगावर घेतलं, त्यावर जास्त लिहीत नाही, उभा राहिला एवढंच.

दुपारी उन्हं कलल्यावर साऊथ शोअरकडून बॅलन्स्ड रॉकची वाट धरली. अंतर थोडं पण सरळ उभी चढण, दगडी पायऱ्या. या पायऱ्या 1935 ते 41 मध्ये मंदीच्या काळात सरकारने कामाला लावलेल्या तरुण पोरांनी रचल्यात, इथेच कॅम्प करून राहायची ती, आणि काम असं की अजून एक दगड हलत नाही. बाबा अजिंक्यताऱ्यावर रोज सकाळी जाणारा माणूस, माझ्या पुढे. वर एका आडव्या शिळेशी थांबले आणि हात फिरवत बसले, जांभळट गुलाबी दगड, त्यावर बारीक बारीक समांतर वळ्या, ओहोटीनंतर हर्णैच्या वाळूवर उमटतात तशाच. मी म्हटलं बाबा ही वाळूच आहे, जवळपास 160 कोटी वर्षांपूर्वीची, दाबली जाऊन क्वार्टझाइट झाली, पाण्याच्या लाटा तशाच राहिल्या. ते म्हणाले, "मग आपला सह्याद्री?" म्हटलं आपला बेसॉल्ट साडेसहा कोटींचा. "म्हणजे पोरगंच की!" आणि उठून पुढे चालायला लागले. नंतर ही गोष्ट त्यांनी फोनवर साताऱ्यातल्या सगळ्यांना सांगितली.

वरून खाली बघितलं तर तळ्यावर कयाक आणि पॅडलबोर्डचे ठिपके, आवाज नाही, कारण पेट्रोलची बोट इथे चालत नाही, फक्त इलेक्ट्रिक मोटर. हा नियम मला फार आवडतो.

साडेसहा-सातनंतर गाड्यांची रांग बाहेर पडायला लागली आणि आम्ही चूल पेटवली. लाकडं मात्र घरून नेऊ नका, दहा मैलांच्या आतलीच किंवा सर्टिफाइड लागतात, कारण लाकडातून किडे येतात आणि त्या किड्यांनी इकडची अ‍ॅशची झाडं उभीच्या उभी मारलीत. आईने मॅडिसनच्या शनिवारच्या बाजारातून मोठं वांगं घेतलं होतं, त्याला तेल चोळून थेट निखाऱ्यात ठेवलं, फॉइल नको म्हणाली, मग ते फुसफुसत बसलं, साल तडकली, देठाकडून पाणी सुटून निखाऱ्यावर चर्र झालं तेव्हा चिमट्याने बाहेर काढलं. कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, दाण्याचं कूट, वरून कच्चं तेल, आणि घरून आणलेल्या दशम्या. गॅसवरच्या भरताला ही चव येत नाही, वाद नको. मार्शमॅलोत जिलेटिन असतं म्हणून आई हात लावत नाही, तिने नुसतं चॉकलेट बिस्किटात घालून खाल्लं आणि खुश.

शेजारच्या साइटवर रकून आले, दोन, कूलरचं झाकण हातांनी उचलून बघणारे, अगदी घरचं फ्रिज उघडावं तसे. इथे खाणं सगळं गाडीत कुलूपबंद करायचं, चटणीचा डबासुद्धा. अकरानंतर शांततेचा नियम, आणि लोक पाळतात. फक्त रात्री मधेच मालगाडी गेली, कड्यांमुळे आवाज असा घुमतो की आई उठून बसली आणि म्हणाली, "कोयना का रे?"

सकाळी टम्बल्ड रॉक्सची वाट केली, पश्चिम काठाने, सपाट, कड्यावरून पडलेल्या दगडांच्या राशीतून काढलेली, गुडघे दुखणाऱ्यांनी हीच करावी. साऊथ शोअरला पक्ष्याच्या आकाराचा मातीचा उंचवटा आहे, मूळ रहिवाशांनी साधारण हजार वर्षांपूर्वी रचलेला, तो बहुतेक लोक न बघताच बार्बेक्यू करतात. पाटी वाचा, आणि त्यावर चढू नका, ही त्यांच्यासाठी पवित्र जागा आहे.

निघताना दहा वाजलेले आणि आत येणाऱ्या गाड्या लांबपर्यंत उभ्या. बाराबूत चीज कर्ड्स घेतले, ताजे दाताखाली कुईं कुईं वाजतात. कॅम्पसाइटचं बुकिंग अकरा महिने आधी उघडतं, उन्हाळ्याचे वीकेंड लगेच उडतात, त्यामुळे पुढच्या ऑगस्टला जायचं असेल तर सप्टेंबरलाच बघायला लागा. क्वार्टझाइट कॅम्पग्राउंडमध्ये झाडं कमी, ऊन लागतं, पण नॉर्थ शोअरला चालत जाता येतं. सावली हवी असेल तर आइस एज कॅम्पग्राउंड बघा.