घड्याळावरचा आळ

व्हॅन चार दिवस उभी राहिली आणि सकाळी स्टार्टरने नुसतं 'टक' केलं, की आळ डॅशबोर्डवरच्या घड्याळावर येतो. "घड्याळच बॅटरी पिऊन रायलं भाऊ, काढून टाकू का त्याले?" नागपुरात जुनी मॅटॅडोर किंवा फोक्सवॅगनची व्हॅन इलेक्ट्रिशियनकडे नेली की निकाल बहुधा हाच लागतो. कारणही उघड आहे. वायपर, पेट्रोलचा काटा, इंडिकेटर हे सगळे चावीचे ताबेदार. घड्याळ मात्र चावी खिशात गेल्यावरही चालूच. सगळे झोपलेले असताना जागा सापडला, म्हणजे चोर तोच!

मग घड्याळाची वायर तोडली जाते, तिच्या टोकाला काळी टेप गुंडाळली जाते, आणि डॅशबोर्डवर कायमचे पावणेचार वाजतात.

जरा हिशेब करून पाहू. गाडीतलं क्वार्ट्झ घड्याळ ५ ते १० मिलिअँपिअर घेतं. १० धरले तर दिवसाला पाव अँपिअर-तासाहून थोडं कमी, महिन्याला सव्वासात. ६० अँपिअर-तासांची भरलेली बॅटरी एकट्या घड्याळाने संपवायची म्हटली तर आठ महिने लागतील. आता दुसरं गिऱ्हाईक बघा: ऊन. पाण्याची बॅटरी काहीही न जोडता ठेवली तरी आपोआप उतरते, आणि तापमान दर १० अंशांनी वाढलं की हा वेग जवळपास दुप्पट होतो. २५ अंशांना महिन्याला ५ टक्के, म्हणजे ३ अँपिअर-तास जात असतील, तर ४५ अंशांना १२ जातील. मे महिन्यात नागपुरात चोवीस तास ४५ नसतं, रात्री पारा उतरतो, म्हणून १२ चे ८ धरू. तरी सूर्य घड्याळाच्या पुढेच.

शिवाय खरे चोर वेगळेच निघतात: दाराच्या स्विचमुळे पेटून राहिलेला आतला दिवा, मागाहून कुणीतरी जोडलेला गाण्यांचा टेप, अल्टरनेटरचा गळका डायोड. शोधायचं तर बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून मधे मल्टिमीटर लावायचा, आणि तो १० अँपिअरच्या रेंजवर. जुनं घड्याळ कसं चालतं हे माहीत नसेल तर माणूस मिलिअँपिअरची रेंज निवडतो आणि मीटरचा फ्यूज घालवून बसतो.

कारण ते घड्याळ सतत करंट घेत नाही. किएन्झले, व्हीडीओ या जर्मन कंपन्यांच्या जुन्या घड्याळांत एक छोटी स्प्रिंग असते आणि तिच्यावर बॅलन्स व्हील, म्हणजे मागेपुढे डुलणारं चाक, चालतं, चावीच्या घड्याळासारखंच. मिनिटा-दोन मिनिटांनी स्प्रिंग सैल झाली की तिचा दांडा खाली येतो आणि दोन पॉइंट एकमेकांना टेकतात. कॉइलमध्ये करंट जातो, दांडा झटक्यात वर फेकला जातो, स्प्रिंग भरते, पॉइंट सुटतात. शांत गॅरेजमध्ये हा 'खट' चांगला ऐकू येतो. झटका क्षणाचा, पण त्या क्षणी अँपिअरमध्ये मोजावा असा करंट जातो.

आणि इथे सगळा खटला उलटतो. बॅटरी अर्धमेली असेल तर कॉइलला दांडा पुरता फेकायची ताकद मिळत नाही. तो अर्ध्यावरून परत येतो, पॉइंट टेकलेलेच राहतात आणि क्षणासाठी बनवलेली कॉइल मिनिटभर तापत राहते. बनवणाऱ्यांना हे ठाऊक होतं, म्हणून त्यांनी आत कमी तापमानाला वितळणाऱ्या डाखाचा एक सांधा ठेवला. तो सुटतो आणि कॉइल वाचते. म्हणजे बरीचशी 'मेलेली' घड्याळं मेलेली नसतात, बॅटरीने त्यांचा डाख सुटलेला असतो. डाख पुन्हा लावायचा तर कथिल-बिस्मथचा, १३८ अंशांना वितळणारा घ्यावा. नेहमीचा ६०-४० चा डाख १८० च्या पुढे वितळतो, तोवर कॉइलचं इनॅमल शिल्लक राहीलच असं नाही. त्या डाखाने घड्याळ चालू होतं, पण त्याचा अंगरक्षक गेलेला असतो. पॉइंट काळे पडले असतील तर अगदी बारीक पॉलिश पेपरची पट्टी मधून एक-दोनदा ओढावी. कानशीला हात लावू नये.

जोडणी करताना पहिला नियम: बॅटरी पूर्ण भरलेली हवी, आणि काम सुरू करताना आधी तिची बॉडीला जाणारी केबल काढायची. तीच शेवटी लावायची. घड्याळाला लागतो चावीच्या आधीचा करंट. जर्मन घड्याळाच्या पाठीवर खुणा असतात: ३० म्हणजे थेट बॅटरी, ३१ म्हणजे अर्थ (बॉडीला जाणारी वायर), ५८ म्हणजे आतल्या बल्बसाठी पार्किंग दिव्याची लाइन. १५ हा आकडा चावीनंतरचा, त्याच्या वाटेला जायचं नाही. थेट करंट फ्यूजबॉक्समध्ये आतल्या दिव्याच्या फ्यूजवर मिळतो. ही जागा बॅटरीची केबल काढण्याआधीच शोधावी: चावी बाहेर काढून टेस्ट लॅम्प लावावा, पेटला की जागा सापडली.

रंगावर विसंबू नये. जर्मन पद्धतीत तपकिरी वायर म्हणजे अर्थ, ब्रिटिश पद्धतीत तपकिरी म्हणजे बॅटरीचा थेट करंट. एका देशाच्या गाडीला दुसऱ्या देशाच्या वायरिंगची सवय असलेला हात लागला की धूर निघायला एवढं पुरतं. तीन इलेक्ट्रिशियनच्या हाताखालून गेलेल्या व्हॅनमध्ये तर रंगाचा अर्थ एवढाच, की त्या दिवशी दुकानात तोच रोल होता.

वायर ०.७५ चौरस मिलिमीटरची घ्यावी. करंटला याहून बारीक चालेल, पण हादऱ्यांना चालणार नाही. वेगळा फ्यूज हवाच: क्वार्ट्झला १ अँपिअर, कॉइलच्या घड्याळाला २. ऑटो पार्टच्या दुकानात ५ च्या खालचा फ्यूज सहसा नसतो. 'पाचचा टाका ना, काय होते' हे ऐकून न घेता बर्डीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून काचेचा फ्यूज आणि होल्डर आणावा. होल्डर घड्याळाजवळ बसवायचा नाही, जिथून करंट घेतला तिथून वीतभर अंतरात बसवायचा. फ्यूज असतो वायरीसाठी, आणि फ्यूजच्या अलीकडची वायर अनाथ असते. पत्र्यातून जाताना रबरी ग्रोमेट, वायपरच्या दांड्यांपासून दूर, आणि मॅटॅडोरमध्ये इंजिनाच्या झाकणापासून तर फारच दूर. पिळून टेप मारलेला जोड नागपूरच्या उन्हात टिकत नाही. टेपचा गोंद पातळ होतो, टेप घसरते आणि आतली तार उघडी पडते. वायरीच्या टोकाला लग (धातूचं टोक) दाबून वर हीट-श्रिंक स्लीव्ह चढवावी.

सगळ्यात जास्त घोळ अर्थचा. घड्याळ रंगवलेल्या पत्र्यात बसवलं आणि 'बॉडीला लागलंय की' म्हणून सोडून दिलं, तर रंगातून करंट जात नाही. वेगळी वायर काढून, बोल्टखालचा रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून ती घट्ट करावी. पार्किंगचे दिवे लावले की घड्याळ थांबतं, बंद केले की चालतं, असा भुताटकीचा प्रकार दिसला तर मांत्रिक नको. बल्ब आणि घड्याळ एकाच कच्च्या अर्थवर भांडत असतात. अर्थ पक्का करा.

जुन्या ६ व्होल्टच्या व्हॅन किंवा पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेल्या ब्रिटिश गाड्या भेटल्या तर घड्याळावरचा व्होल्टेज आणि ध्रुव आधी वाचावा. निव्वळ पॉइंट-कॉइलचं घड्याळ उलटा करंट बहुधा निभावून नेतं, डायोड किंवा ट्रान्झिस्टर असलेलं नाही.

काही जण जुन्या तबकडीमागे भिंतीवरच्या घड्याळाचं दीड व्होल्टचं क्वार्ट्झ मशीन बसवतात आणि १२ चे दीड करायला रेग्युलेटर लावतात. मशीन खातं मायक्रोअँपिअरमध्ये आणि रेग्युलेटर स्वतःच मिलिअँपिअरमध्ये. चहापेक्षा किटली गरम! तिथे सेलच बरा, फक्त उन्हाळ्यात तो गळतो का ते पाहत राहावं. माझं मत विचाराल तर कॉइलचं 'खट' करणारं मशीन दुरुस्त होत असेल तोवर क्वार्ट्झ घालू नये.

क्वार्ट्झही उन्हाला वश असतं, बरं का. त्याचा स्फटिक २५ अंशांच्या आसपास सर्वात वक्तशीर असतो. बंद व्हॅनच्या काचेमागे ६५ अंश झाले तर तो दिवसाला ५ सेकंदांच्या हिशेबाने मागे पडतो. दुपारचे आठेक तास धरले तर मेअखेर पाऊण मिनिट गेलंच. बॅलन्स व्हीलच्या घड्याळात तेल वाळून चिकट होतं. ते साफ करून खुंट्यांच्या टोकांवर घड्याळाच्या तेलाचा सुईच्या अग्राएवढा थेंब द्यावा, शिलाई मशीनचं तेल नको, आणि हेअरस्प्रिंगवर (बॅलन्स व्हीलच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगवर) तर काहीच नको.

सगळं झाल्यावर बॅटरीची केबल लावली की कॉइलच्या घड्याळातून ताबडतोब 'खट' ऐकू यायला हवा. नाही आला तर लगेच फ्यूज काढा, वाट बघू नका. पॉइंट टेकलेले राहिले असतील तर आत कॉइल तापायला लागली असेल. आणि व्हॅन महिनाभर उभी राहणार असेल, तर जाताना तोच फ्यूज खिशात घालावा. बॅटरी वाचावी म्हणून नव्हे, घड्याळ वाचावं म्हणून.