ओळंब्यात नसलेली घरं

जुनी घरं मोजायच्या आमच्या कामाची सुरुवात टेपने झाली. दोघं जण, एक ओळंबा आणि आलेखाची वही. जुन्या घरातली खोली काटकोनात सापडणं विरळाच, म्हणून प्रत्येक खोलीचे कर्ण मोजायचे. रात्री कागदावर चौथा कोपरा जुळला नाही, की सकाळी पुन्हा त्याच खोलीत.

लेझर स्कॅनर पहिल्यांदा भाड्याने आणला तेव्हा वाटलं, सुटलो! तिवईवर फिरता फिरता तो सेकंदाला लाखो बिंदू टिपतो, चूक काही मिलिमीटरची, आणि प्रकाश स्वतःचाच असल्यामुळे अंधाऱ्या माळ्यावरही अडत नाही. पण त्याला जे दिसतं तेवढंच तो मोजतो. कपाटामागची भिंत हवी तर कपाट सरकवावंच लागतं. एकदा भिंतीवरचा आरसा झाकायला विसरलो. ऑफिसात बिंदूंचा ढग, म्हणजे टिपलेल्या सगळ्या बिंदूंचं त्रिमितीय चित्र, उघडला, तर भिंतीपलीकडे अख्खी खोली, खिडकीसकट. तेव्हापासून आमच्या पेटीत जुन्या चादरी असतात.

खरी परीक्षा अरुंद जिन्यात. एका जागेवरचा स्कॅन पुढच्याला जोडताना होणारी बारीक चूक साचत जाते. म्हणून वरच्या मजल्यावर पोचलो की खिडकीतून बाहेरच्या स्कॅनशी ताळा घेतो.

मात्र सगळ्यात महाग धडा या बिंदूंवरून संगणकावर काढायच्या मॉडेलने शिकवला. मॉडेलिंगची बहुतेक सॉफ्टवेअर नव्या बांधकामाच्या हिशोबाने केलेली. भिंत म्हटली की सरळ आणि एका जाडीची. आम्हीही तशीच सुबक काढून दिली. सुताराने त्यावरून दाराची चौकट केली. ती बसेना. भिंत वरच्या अंगाला चार सेंटिमीटर कललेली होती. स्कॅनमध्ये तो कल स्वच्छ दिसत होता, पुसला आम्ही. चौकटीचे पैसे आम्हीच भरले. आता भिंत सरळ काढलीच, तर खरी भिंत त्या सरळ रेषेपासून कुठे किती हटली आहे याचा रंगीत नकाशा सोबत जातो.

मूळ बिंदूही देतो, कुठल्याही कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतील अशा ई५७ स्वरूपात. ‘एवढा डेटा ठेवू कुठे?’ असं ग्राहक कुरकुरतात. त्यांना आम्ही एक गोष्ट सांगतो: कला-इतिहासकार अँड्र्यू टॅलन यांनी पॅरिसचं नोत्र दाम हे जुनं चर्च २०१० मध्ये स्कॅन केलं, ते बांधलं कसं गेलं हे समजून घ्यायला. २०१९ मध्ये आग लागली तेव्हा ते हयातही नव्हते, पण त्यांचे बिंदू पुनर्बांधणीच्या कामी आले. ज्यांना डेटा नको असतो, त्यांना विचारून त्यांच्या घराची एक प्रत आम्हीच ठेवून घेतो.