नगर ते हरेगाव, पायी

हरेगावच्या मतमाउलीला, म्हणजे येशूच्या आईला, पायी निघालो होतो. राहुरी सोडली तेव्हा भजनी मंडळींच्या कर्ण्याचा मला इतका वैताग आला होता की मी मुद्दाम रेंगाळत मागे राहिले. टेम्पोत मतमाउलीची मूर्ती, तिला झेंडूच्या माळा आणि टपावर तो कर्णा. नगरपासून तीच ढोलकी, तीच चाल. त्यात नगर-मनमाड रस्ता. खड्डा चुकवावा तर डंपर, डंपर चुकवावा तर चिखल. विळद कधी गेलं, कृषी विद्यापीठ कधी गेलं, आता नीट आठवत नाही.

मी का चालतेय ते सगळ्यांना ठाऊक होतं. ह्यांचं डायलिसिस सुरू आहे, सोमवार आणि गुरुवार. निघाले त्या गुरुवारी दीर त्यांना घेऊन गेले. महात्मा फुले योजनेत बसतं म्हणून पैशांचं निभावतंय. पण डायलिसिस सुरू झाल्यापासून भेटेल तो म्हणतो, "देवावर भरवसा ठेव." चर्चच्या दारात, भाजीच्या गाडीवर, फोनवर. म्हणणारा म्हणून मोकळा होतो आणि घरी जाऊन जेवतो. भरवसा ठेवलाय हो. पण भरवसा ठेवला तरी रक्तातलं क्रिएटिनीन, किडनी थकली की चढतं ते, खाली येत नाही, हे बोलायची सोय नाही. बोललं की विश्वास कमी पडला म्हणतात.

शुक्रवार होता, म्हणजे जपमाळेत दुःखाची रहस्ये, येशूच्या दुःखाचे एकेक प्रसंग. पुढे चर्चच्या सिस्टरांनी सुरुवात केली, पहिलंच गेथशेमानीचं, पकडला जायच्या आधी येशू त्या बागेत प्रार्थना करतो ते. मी मणी ओढत होते, लक्ष सगळं डाव्या टाचेकडे. तरी मनात आलं, "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" एवढंच सगळे आपल्याला ऐकवतात. त्याच्या आधी त्यानं हा प्याला टळू दे म्हटलं होतं की. एकदा म्हणून गप्प नाही बसला, पुन्हा पुन्हा जाऊन तेच म्हणत राहिला. बरोबरचे झोपले होते. आम्ही हे सगळं "नमो मरिया" ही प्रार्थना दहादा म्हणून उरकतो आणि फटक्यांच्या रहस्यावर जातो. त्या दिवशी मी पुढे गेलेच नाही. बाकीच्यांचं तिसरं रहस्य चालू झालं तरी मी आपली बागेतच.

मग टाच बोलायला लागली. राहुरी फॅक्टरीच्या अलीकडे एक पंक्चरचं दुकान होतं, पत्र्याचं, बाहेर टायरांची चळत. तिथल्या बाकड्यावर टेकले आणि चप्पल काढली. फोड चांगला रुपयाएवढा, पाण्यानं तट्ट फुगलेला. आतून दुकानवाल्याची बायको आली, पायाकडे बघितलं.

"शिर्डी का?"

"नाही, हरेगाव."

"मतमाउलीला व्हय! आमच्या सासूबाई जायच्या दर साली." आणि मी पाय मागे घ्यायच्या आत खाली बसून माझा पाय तिनं मांडीवर घेतला. माझा पाय शेणाचिखलानं भरलेला, तिचं लुगडं धुतलेलं. मी नको नको म्हणत राहिले, तिनं ऐकलं नाही. स्टोव्हवर सुई लाल होईस्तोवर तापवली, पांढरा दोरा ओवला.

"फोड फोडायचा नसतो ताई. दोरा आरपार घालून तसाच ठिवायचा, पाणी आपसूक गळतं."

एका बाजूनं सुई घातली, दुसऱ्या बाजूनं काढली, दोरा कापून दोन्हीकडे बोटभर शेपटं सोडली. दुखलं नाही. वर हळद दाबली आणि तांब्याभर पाणी पुढे केलं.

मी घटाघटा प्यायले आणि मध्येच रडू फुटलं. ह्यांना दिवसाला एक लिटर पाणी. चहा त्यातच, गोळ्यांचं त्यातच, आमटीसुद्धा मोजायची. बाटलीवर मीच मार्करनं रेघा मारल्यात. उन्हाळ्यात हे बर्फाचा खडा तोंडात धरून बसायचे आणि मी आत जाऊन, नळ बारीक सोडून, आवाज न करता पाणी प्यायचे. इथे रस्त्यावर उभा तांब्या रिकामा केला.

"झालं, झालं. एवढं काय त्या सुईचं," ती म्हणाली. मग मी सांगितलं तिला सगळं. भरवशाचं काही ती बोलली नाही. बोटांवर वार मोजले. "म्हंजी सोमवारच्या आत घरी पायजे तुमी. मग पाय जपा." आणि नवऱ्याला हाक मारली, "आवो, गाडी काढा."

नवस चालत जायचा होता. गाडीवर बसले की तो मोडतो, असं आमच्यातल्या एका मावशींचं ठाम मत. मी बसले. देवळाली प्रवराच्या पुढे मंडळी गाठली, तेव्हा मावशींनी तोंड फिरवलं आणि रात्री स्वतःच्या पिशवीतली तिळाची चटणी माझ्याच ताटात वाढली.

पुढे बेलापूर, श्रीरामपूर, दोन्ही बाजूंना ऊस. पाऊस आला, गेला. शनिवारी हरेगावात पोचलो. बेलापूर कंपनीचा बंद पडलेला कारखाना, मेणबत्त्यांची दुकानं, पाळणे, धूळ, आणि संत तेरेजा चर्चच्या आवारात पाय ठेवायला जागा नाही. कपाळाला कुंकू लावलेल्या बायका माझ्या मागेपुढे, त्यांच्याही हातात मेणबत्त्या.

मी वाटेत प्रार्थना रचून ठेवली होती. किडनी, रक्ताचं प्रमाण, मुलाची फी, सगळं क्रमानं. मूर्तीपुढे आले तर स्वयंसेवक ओरडतोय, "चला, चला, मागं लोकं हायेत." पाठीत कुणाचं तरी कोपर. एकच वाक्य निघालं, "माउली, सोमवारचं तेवढं बघ, तुझ्या लेकाला सांग." पुढच्या गुरुवारचं तोंडातच राहिलं.

बाहेर येऊन फोन लावला. हे म्हणाले, "पोचलीस का? ऊन असेल तिकडे, पाणी पी. माझ्या वाटचंही पी." मी म्हटलं, जास्त बोलू नका, तहान लागेल, मग पाणी पिऊन सुजाल. जाऊबाई मागून हसल्या.

रविवारी मिस्सा, चर्चमधली उपासना, झाल्या झाल्या मी पिशवी उचलली. फादर म्हणाले, "थांबा, आशीर्वाद घेऊन जा." सोमवारी सकाळी सातला ह्यांचा नंबर होता आणि श्रीरामपूरच्या गाडीला दारापर्यंत माणसं लोंबत होती. "तिथूनच द्या फादर," मी म्हटलं आणि आत घुसले.